बाहेर कुणाचा हात लागला?

ही हकीकत सांगायचं मी तीस वर्षं टाळलं. या अंकाच्या संपादकांनी याआधी दोनदा माझ्याकडून दवाखान्यातल्या आठवणी मागून घेतल्या आणि दोन्ही वेळा मी त्यांना हसवणारे प्रसंग लिहून दिले. तीन दिवसांचं औषध एका घोटात पिऊन "आता बाटली धुऊन आणू काय?" असं विचारणारा शेतकरी, लाल रंगाचंच औषध हवं म्हणून अडून बसलेली म्हातारी, वगैरे. ते प्रसंग खरे होते. पण ते लिहिताना एक गोष्ट दर वेळी दाराशी येऊन उभी राहायची आणि मी तिला आत ये म्हणायचो नाही.

आता त्या वेळचे डॉक्टर गेले, नर्सबाई गेल्या आणि जिची मी क्षमा मागायला हवी होती ती बाईही गेली. सगळे गेल्यावर खरं बोलणं सोपं असतं, हे मला कळतं. तरी लिहितो.

दवाखाना निपाणी आणि चिकोडीच्या मधल्या एका मोठ्या गावात होता. गावाचं नाव लिहीत नाही, कारण चूक गावाची नव्हती. मी तिथे कंपाउंडर होतो. हल्ली गोळ्या वेष्टनातच येतात. तेव्हा औषध आम्ही करायचो. डॉक्टरांची चिठ्ठी आली की खलात चूर्ण घोटायचं, मापाच्या पेल्यात अर्क मोजायचे, पाणी घालून बाटली भरायची. बाटली रोग्यानं आणायची, मग ती पूर्वी तेलाची असो नाहीतर अत्तराची. तिच्यावर कागदाची दातेरी पट्टी चिकटवायची. एक दात म्हणजे एक डोस.

मी खानापूरकडचा, रानाच्या कडेला वाढलेला. या भागातल्या जैन शेतकऱ्यांच्या रीती मला ठाऊक नव्हत्या. पहिल्याच महिन्यात एका आप्पांनी बाटली परत आणून माझ्या टेबलावर ठेवली.

"तिसरा डोस दिवस बुडाल्यावर घ्यायला सांगितलासा. त्यो काय कुत्र्याला पाजू?"

मावळतीनंतर त्यांच्या तोंडात पाण्याचा थेंब जात नाही आणि औषधात मध चालत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. पुढे मी त्यांचे तिन्ही डोस ऊन असेतोवर बसवून द्यायला शिकलो आणि मधाऐवजी साखरेचा पाक घालू लागलो. लोक म्हणायचे, कंपौंडर परका असला तरी समजून घेणारा आहे. ते ऐकायला मला आवडायचं.

पोटातल्या औषधांखेरीज आणखी दोन कामं माझ्याकडे होती. एक, जखमा आणि हात धुवायचं लोशन तयार करणं. दुसरं, बाळंतिणींचं रजिस्टर लिहिणं, कारण माझं अक्षर चांगलं होतं. ही हकीकत या दोन कामांची आहे.

बाळंतिणींसाठी दवाखान्याच्या मागच्या अंगाला एक खोली होती. तीन खाटा, एक टेबल आणि दारात तिवईवर पांढरं घमेलं. खोली नवी होती आणि बहुतेक वेळा रिकामी. लोकांत एक बोलणं होतं, की दवाखान्यात बाळंतीण जाते ती गाडीतून आणि परत येते ती चौघांच्या खांद्यावरून. बोलणं खोटं नव्हतं. घरचे सगळे उपाय थकले, दोन-दोन दिवस उलटले, की मगच बाई आमच्याकडे यायची. डॉक्टर म्हणायचे, "आपल्याकडे बायका मरायला येत नाहीत. वाटेत निम्म्या मेलेल्या येतात, आणि मोजल्या जातात आपल्याकडे."

बाळंतपणात बाई मरते कशानं, हे मला डॉक्टरांनी एकदा समजावून दिलं होतं. मी शिकलेला डॉक्टर नाही, तेव्हा जसं समजलं तसं सांगतो. काही जणींचं मूल आडवं असतं किंवा वाट अरुंद असते. तिथे वेळ हाच इलाज, लवकर आणली तर वाचते. काही जणींना बाळंत झाल्यावर रक्त थांबत नाही. अंगात आधीच रक्त कमी असलं, म्हणजे डोळ्यांची खालची पापणी ओढून बघावी तर पांढरी फटक, तर तासाभरात खेळ आटोपतो. काही जणींचे हातपाय सुजतात, डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि मग झटके येतात. त्याची खूण आधी मिळते. लघवी नळीत घालून दिव्यावर तापवली आणि अम्लाचा थेंब टाकला की उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा साका धरतो. ही परीक्षा मी स्वतः करायचो. आणि काही जणी बाळंतपण नीट होऊनही तिसऱ्या-चौथ्या दिवशी थंडी वाजून तापानं फणफणतात, पोट फुगतं, आणि आठवडा निघत नाही. हा ताप बाईच्या अंगात आपोआप उपजत नाही. तो कुणाच्या तरी हातानं आत जातो.

शेवटचं वाक्य डॉक्टरांचं आहे. ते म्हणाले तेव्हा मी मान डोलावली होती.

तानव्वाची आणि माझी ओळख सुजेच्या केसवरून झाली. तानव्वा तीन मैलांवरच्या गावची सुईण. ठेंगणी, कपाळभर कुंकू, निम्मं कन्नड निम्मं मराठी बोलणारी. डॉक्टरांना सुइणींचा राग होता, आणि बहुतेक सुइणींच्या बाबतीत तो वाजवी होता. आत काटक्या घालणाऱ्या, पोटावर पाय देणाऱ्या सुइणी आम्ही पाहिल्या होत्या. तानव्वा तशी नव्हती. एके दिवशी ती एका तरुण पोरीला गाडीतून घेऊन आली. पोर शहापूरच्या विणकरांच्या घरात दिलेली, माहेरी बाळंतपणाला आलेली. आठवा महिना. पोर खुशाल हसत होती.

"काय होतंय हिला?" नर्स एस्तरबाईंनी विचारलं.

"तिला काय बी होत न्हाय," तानव्वा म्हणाली. "पर पायाकडं बघा की वो बाई. जोडवी रुतल्यात. गेल्या बाजारला फिरत हुती, आता हालंनात."

पोर म्हणाली, "खाऊन खाऊन जाड झालीया मी, म्हणून."

"गप गं. मानूस पोटानं जाड हुतं, बोटानं न्हाय."

मी लघवी तापवली. नळी निम्म्याहून अधिक पांढरी झाली. पोरीला अंधाऱ्या खोलीत निजवून ठेवलं, मीठ बंद, दुधावर ठेवलं, जुलाब दिले. जोडवी मी स्वतः कानशीनं कापली. तीन आठवड्यांनी ती बाळंत झाली, आणि मायलेकरं दोन्ही चालत्या पायांनी घरी गेली. डॉक्टर मला म्हणाले, "जे तुम्ही दिव्यावर बघितलंत ते त्या बाईनं जोडव्यावर बघितलं होतं. तिला सांगा, असंच आणत जा."

मग तानव्वा आणत गेली. बाई अडणार असं दिसलं की ती गाडी जुंपायला लावायची. घरच्यांनी नको म्हटलं तर त्यांच्या दारात फतकल मारून बसायची. तिचा एक नियम होता. बाळंतिणीच्या आत ती हात घालत नसे. "आतलं काम देवाचं, न्हायतर दाक्तरचं. मी भायेरची." नखं मुळाशी काढलेली असायची, आणि कामाआधी ती कढत पाण्यानं नि राखेनं कोपरापर्यंत हात धुवायची. राखेनं का, हे तिला सांगता येत नसे. तिच्या आजीची रीत होती.

हळूहळू खोलीतल्या खाटा भरू लागल्या. लोकांचं ते चौघांच्या खांद्याचं बोलणं मागे पडलं. यात मोठा वाटा त्या एका बाईचा होता.

आता लोशनविषयी. जंतू मारणारं कार्बॉलिक ॲसिड मूळच्या तीव्र स्वरूपात बाटलीतून यायचं. हातांसाठी एकास चाळीस पाणी आणि हत्यारांसाठी एकास वीस, असं प्रमाण ठरलेलं. वर्षातून दोनदा आम्ही जिल्ह्याला मागणी पाठवायचो आणि माल यायला कधी महिना, कधी तीन महिने लागायचे. इतर दवाखान्यांचे कंपाउंडर "अमुक माल संपला" असं कळवत असत आणि वरून ताशेरे खात असत. माझ्या नोकरीत मला असं एकदाही कळवावं लागलं नव्हतं. तपासणीला येणारे साहेब माझं कपाट इतरांना दाखवायचे. याचा मला फार अभिमान होता.

त्या अभिमानाचं गुपित सांगतो. माल येईपर्यंत मी लोशन पातळ करायचो. कार्बॉलिकचा वास असा उग्र की एकास चाळीस असो की एकास शंभर, नाकाला फरक कळत नाही. उलट पातळ लोशनानं हात उलत नाहीत म्हणून एस्तरबाई खूश असायच्या. मी मनाची समजूत अशी घातली होती, की ताकद थोडी कमी, पण अजिबात नसण्यापेक्षा बरं. कारकुनी डोक्याला असं पटतं. जंतूंना पटत नाही.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या सात-आठ वर्षं आधीची गोष्ट. पावसाळा संपत आला होता आणि माल यायचा होता. एका दुपारी तानव्वा गाडी घेऊन आली. गाडीत पद्मा, एका जैन शेतकऱ्याची थोरली लेक, माहेरी आलेली पहिलटकरीण. बरोबर तिची आई, चंपाआक्का.

मी रजिस्टर उघडलं. त्यात सातवा रकाना होता: दाखल होण्यापूर्वी बाहेर कुणी हाताळले काय? म्हणजे सुईण वगैरे कुणी आत हात घातला होता काय. पुढे ताप आला तर तो कुणाच्या पदरात टाकायचा, हे त्या रकान्यावरून ठरायचं. मी तानव्वाला रीतसर विचारलं.

"न्हाय," ती म्हणाली. "पानी सकाळी गेलं. कळा हायत, पर पोर खाली सरकंना. मी नुसतं वरनं पोट चाचपलं आन् गाडी जुंपा म्हटलं. आत हात लावल्याला न्हाय, अण्णा. बघा, लिवा."

मी सातव्या रकान्यात "नाही" लिहिलं.

चंपाआक्का तोवर दवाखान्याच्या विहिरीवर गेली होती. तिनं घरून तांब्याची घागर आणि दुपदरी फडकं आणलं होतं. लेकीला लागेल ते सगळं पाणी तिनं त्या फडक्यातून गाळून घेतलं आणि फडक्यात राहिलेलं हलक्या हातानं परत विहिरीत सोडलं. पाण्यातले जीव त्यांच्या जागी जायला हवेत म्हणून. खोलीच्या दारातलं पांढरं घमेलं बघून ती थांबली.

"हे कवा भरलंय वो?"

"सकाळी," मी म्हणालो.

"गाळून?"

एस्तरबाईंना हसू आलं. मलाही. "आक्का, हे पाणी नव्हे, लोशन आहे. यात जीव पडला की मरतोच."

"आगं बाई! मंग त्याचं पाप कुनाच्या माथ्यावर?"

"सरकारच्या."

सगळे हसले. पद्माला कळा येत होत्या, तरी तीही हसली. घमेल्यातलं लोशन त्या दिवशी एकास ऐंशी होतं, कदाचित त्याहूनही पातळ. मी माप घेणं सोडलं होतं. अंदाजानं ओतत होतो.

त्याच सकाळी आम्ही ओसरीवर एका गाडीवानाच्या पायावरचं धावरं धुतलं होतं. धावरं म्हणजे कातडीवरून वणव्यासारखी पसरत जाणारी लाल सूज. जखमा बांधणारा माणूस रजेवर होता म्हणून एस्तरबाई मदतीला आल्या होत्या. नंतर त्यांनी साबणानं हात धुतले, घमेल्यात नियमाइतका वेळ बुडवून ठेवले, आणि पुढे दिवसभर खोलीत जाता-येता बुडवत राहिल्या. दुपारी त्यांनी त्याच हातांनी पद्माला तपासलं. त्यांनी नियमातली एकही पायरी सोडली नाही. त्यांचा भरवसा माझ्या लोशनावर होता.

दिवे लागायच्या आत डॉक्टरांनी चिमटा लावून पद्माला मोकळं केलं. मुलगी झाली. चंपाआक्कानं सूर्य बुडायच्या आधी लेकीला गाळलेलं पाणी पाजलं. तिच्या शेजारच्या खाटेवर गावातल्या शिंप्याची बायको होती. ती आदल्या दिवशी आपल्या पायांनी चालत आली होती, कुठल्याही सुइणीशिवाय, आणि त्याच रात्री एस्तरबाईंच्या हातून बाळंत झाली.

तिसऱ्या दिवशी पद्माला थंडी वाजली. चौथ्या दिवशी शिंपिणीला. मी लोशनाच्या बाटलीकडे बघितलं आणि मला कळलं. एक जण असती तर मी वाद घातला असता. दोघींना सारखाच ताप, आणि दोघींच्या मधे सामाईक एकच गोष्ट होती, दारातलं घमेलं. मी त्या दिवशी उरलेलं सगळं कार्बॉलिक घालून पूर्ण ताकदीचं लोशन केलं. उपयोग काय! ताप आत गेलेला होता. आज त्याला गोळ्या आहेत, लढाईच्या सुमारास त्या आमच्याकडेही आल्या. तेव्हा काही नव्हतं. डॉक्टर खाटेजवळ बसून राहायचे.

पद्मा सहाव्या दिवशी गेली. शिंपीण महिनाभर पडून होती आणि वाचली. का वाचली, ते मला माहीत नाही.

बाळंतपणातल्या प्रत्येक मृत्यूचं कारण जिल्ह्याला कळवावं लागे. डॉक्टर टेबलाशी बसले होते. चेहरा उतरलेला. मला म्हणाले, "त्या मुलीबरोबर सुईण होती ना? बाहेर हाताळलं असणार. रजिस्टरात काय लिहिलंय?"

"बघून सांगतो," मी म्हणालो.

मी बघायला गेलो. रकान्यात "नाही" होतं, माझ्याच चांगल्या अक्षरात. मी पातं घेऊन ते खरवडलं आणि त्या जागी "होय, सुईण" असं लिहिलं. खरवडलेल्या कागदावर शाई फुटली. रजिस्टर डॉक्टरांपुढे ठेवलं. त्यांनी त्या जागेवर बोट ठेवलं, क्षणभर थांबले आणि पान उलटलं. त्यांना दिसलं की नाही, मला माहीत नाही. तो भार मला त्यांच्यावर टाकायचा नाही.

नोकरी जाईल अशी भीती होती काय? होती. पण खरं सांगायचं तर त्याहून मोठी होती ती लाज. "कार्बॉलिक संपत आलं" हे तीन शब्द मी दोन महिन्यांपूर्वी कळवले असते, तर फार तर एक ताशेरा आला असता.

जिल्ह्याहून उत्तर आलं, की संबंधित सुइणीस मज्जाव करावा. गावच्या पोलीस पाटलानं तानव्वाचा अंगठा घेतला, यापुढे बाळंतपण करणार नाही म्हणून. गावात झालं की तानव्वाच्या हातात विष आहे. चंपाआक्काच्या घरचे तिच्या दारावरून जाईनासे झाले.

त्यानंतर ती एकदाच दवाखान्यात आली. पायरीवर चढली नाही, अंगणातच उभी राहिली.

"कंपौंडरअण्णा, त्या दिशी तुमी इचारलासा तवा मी काय सांगितलं वो?"

ओसरीवर माणसं होती. डॉक्टर आत होते. मी म्हणालो, "लिहिलंय ते वर गेलं आता, तानव्वा."

"पर मी काय सांगितलं?"

"जे सांगितलंस तेच लिहिलं."

ती माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. ती आठवत होती. मग म्हणाली, "तुमी शिकल्याली मानसं. लिवलंय म्हंजे तसंच असंल. माझ्याच ध्यानात ऱ्हायलं नसंल."

आणि गेली.

पुढच्या वर्षी तिच्याच गावाजवळच्या वस्तीवरची एक बाई घरी बाळंत झाली आणि रक्त थांबेना. नवरा आधी तानव्वाकडे गेला. तिनं दार उघडलं, पण उंबरा ओलांडला नाही. "माझा हात नगं. दवाखान्यात न्या," एवढंच म्हणाली. घरच्यांनी आणखी कुणाकुणाला बोलावण्यात अर्धा दिवस घालवला. गाडी आमच्या फाटकात आली तेव्हा बाई थंड झाली होती. नवरा बैलांच्या दाव्याला धरून उभा होता. "तानव्वा पयल्यासारखी दारात बसली असती, तर कालच गाडी जुंपली असती," असं तो म्हणाला. कुणाला उद्देशून नव्हे. मी ऐकलं. रजिस्टरात त्या बाईची नोंदच झाली नाही, कारण ती दाखल होण्यापूर्वी वारली होती. पण माझ्या हिशेबी माझ्या नावावर दोघी आहेत, आणि ज्यांच्यासाठी कुणी वेळेवर गाडी जुंपायला लावली नाही अशा आणखी किती, ते मी मोजू शकत नाही.

मी सुधारलो, हे सांगायला हवं. ते फुशारकीनं सांगत नाही, पण घडलं ते घडलं. त्यानंतर माझ्या हातून लोशन कधी पातळ झालं नाही. बाळंतिणींच्या खोलीचं घमेलं मी वेगळं केलं आणि दिवसातून तीनदा बदलायला लावलं. जखमा धुतलेल्या माणसानं त्या दिवशी त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, हा नियम डॉक्टरांपुढे मी मांडला. हत्यारं लोशनावर न सोडता उकळायची. माल संपत आला की लाल शाईनं कळवायचं. मला ताशेरे मिळू लागले आणि खोलीत ताप येईनासा झाला. डॉक्टर लोकांना सांगायचे, "आमचा कंपाउंडर लोशनाच्या बाबतीत सोवळ्यातली आजी आहे." सगळे हसायचे. मी आणखी एक गोष्ट सुचवली, की सुइणींना बोलावून हात धुणं आणि धोक्याच्या खुणा शिकवाव्यात. चांगल्या सात-आठ जणी आल्या. राखेनं हात धुणारी एकही नव्हती. डॉक्टर म्हणाले, "यांच्यात जरा हुशार अशी कुणी नाही काय?" मी म्हणालो, नाही.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षीच्या उन्हाळ्यात माझी बेळगावला बदली झाली. सामान बांधण्याआधी मी जुन्या रजिस्टरांचं कपाट उघडून ते पान बघितलं. खरवडलेल्या जागी कागद इतका पातळ झाला होता की मागच्या बाजूचं अक्षर दिसत होतं. मग टोपी घातली आणि तीन मैल चालत तानव्वाच्या गावी गेलो. वाटेत एक वाक्य तयार केलं. लांबलचक नको, कारणं नकोत, रडणं नको. एकच वाक्य.

ती अंगणात बसली होती. केस सगळे पांढरे, नजर अधू झालेली. मला तिनं आवाजावरून ओळखलं.

"कंपौंडरअण्णा? आगं बया! बसा, बसा. ए, घोंगडं टाक गं." सून घोंगडं टाकून गेली. "दाक्तर बरं हायत? एस्तरबाई?"

मी सगळ्यांची खुशाली सांगितली. बदलीचं सांगितलं. माझं वाक्य जिभेवर होतं.

तीच म्हणाली, "अण्णा, येक इचारू? त्या पद्माच्या येळला मी आत हात घातलाच असंल न्हवं? लई आठवून बघते. मला तर आठवतंय न्हाय घातला. पर तुमच्या वहीत हाय न्हवं तसं?"

त्याच सकाळी मी ते पान पाहिलं होतं.

मी म्हणालो, "जुन्या वह्या वाळवीनं खाल्ल्या, तानव्वा. आता कुठं काय राहिलंय."

"बरं झालं," ती म्हणाली. मग म्हणाली, "तवाधरनं मी कुनाचं लेकरू हातात घेतलं न्हाय. नातवाला बी न्हाय. उगं कशाला."

मी पाणी मागितलं. ती उठली नाही. तिनं सुनेला हाक मारली आणि स्वतःचे दोन्ही हात पदराखाली घेतले. सुनेनं तांब्या आणून दिला. मी पाणी प्यालो, तांब्या खाली ठेवला, टोपी सारखी केली आणि "येतो" म्हणालो.

वाक्य एवढंच होतं: तानव्वा, तू "नाही" म्हणाली होतीस, आणि मी आधी "नाही"च लिहिलं होतं.